चाळीस काठ्या

"बांगर, तुझे आकडे फार सुंदर आहेत," नाबर सर म्हणाले. "इतके सुंदर की मला भीती वाटायला लागलीय."

मार्च महिना होता. सरांच्या टेबलावर माझी वही उघडी पडली होती. मी आले होते शाबासकी घ्यायला. तीन महिने कमरेएवढ्या चिखलातून जाऊन खुबे मोजले होते, हातांची सालटं निघाली होती आणि आकडे हे असे आले होते, एका ओळीत. सर मात्र चष्मा कपाळावर चढवून वहीकडे बघत बसले. आता यात भिण्यासारखं काय आहे, असं मी जरा घुश्शातच विचारलं.

आधी माझं सांगते. मी उज्ज्वला बांगर, हिंगोलीची. वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. विद्यापीठाचं एक छोटं केंद्र कोकणात एका खाडीच्या काठी होतं, तिथे पीएचडीला जागा मिळाली म्हणून आले. पहिल्या वर्षीचं सगळं काम पावसाळ्याच्या पुरात वाहून गेलं. दुसऱ्या वर्षाची शिष्यवृत्ती मे महिन्यात संपत होती. वडिलांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं की मेपर्यंत काय ते उरक, नाहीतर गुमान घरी ये, स्थळं बघून ठेवलीत. म्हणजे एप्रिलअखेरपर्यंत प्रयोग पार पडला तर मी डॉक्टर, नाहीतर हिंगोलीच्या एखाद्या घरात ज्वारी निवडत बसायची. मला ज्वारीचा राग नाही, पण खुब्यांनी माझा जीव गुंतवला होता.

खुबे म्हणजे वाळूत पुरून राहणारे शिंपले. खाडीच्या मधोमध ओहोटीला एक लांब वाळूचा पट्टा उघडा पडायचा, त्यात ते भरपूर. अलीकडच्या कोयंडेवाडीतल्या आणि पलीकडच्या तारीवाडीतल्या बायका पिढ्यान् पिढ्या ते वेचत आलेल्या. घरात कालवणाला तेच, टोपलीभर बाजारातही तेच. माझं म्हणणं असं होतं की या बायका इतकं वेचतात की थोड्या वर्षांत खुबे संपणार. ते सिद्ध करायला मी पट्ट्यावर वीस चौकोन आखले. दहा बंद, दहा उघडे. बंद चौकोनांच्या चारी कोपऱ्यांवर काठ्या रोवल्या, चाळीस काठ्या. केंद्रात झेंडे नव्हते म्हणून स्वतःची जुनी लाल ओढणी फाडून प्रत्येक काठीला चिंधी बांधली. उघड्या चौकोनांच्या खुणा दिसू नयेत म्हणून तिथे नुसते कौलांचे तुकडे पुरले. काठ्या बघून बंद चौकोनात कोणी हात घालणार नाही, तिथे खुबे वाढणार, उघड्यात बायका वेचून नेणार, मग फरक मोजायचा. साधा प्रयोग होता.

"फरकच नाहीये," सर म्हणाले. "उघड्या चौकोनातही तेवढेच खुबे. तीन महिन्यांत एकही कमी नाही. इथे कोणी वेचतंय की नाही?"

मी मोजायला जायची तेव्हा पट्टा रिकामाच असायचा, पण बायका दुसऱ्या ओहोटीला येत असतील असं मी धरून चालले होते. मी म्हटलं की याचा अर्थ वेचण्याने काही परिणाम होत नाही, आणि हा तर केवढा मोठा शोध आहे. मी मनातल्या मनात प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहूनही टाकलं होतं.

"बायकांना विचारलंस?"

"त्यांना काय विचारायचं, सर?"

सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे बघितलं. नाबर सर बेळगावचे, कधी आवाज चढवायचे नाहीत. तसं बघितलं की मात्र मला हिंगोलीला परत जावंसं वाटायचं. म्हणाले की उद्या वाडीत जा, वही नेऊ नकोस.

वाडीत जायचा रस्ता मला पाठ होता, कारण पट्ट्यावर उतरायची वाट तिथूनच जायची. वाटेवरच्या शेवटच्या घराच्या पायरीवर येसूकाकी बसलेली असायची. येसू कोयंडे, सत्तरीची, काटक, तोंडात दात मोजके आणि नजर घारीची. खुब्यांच्या बाबतीत दोन्ही वाड्यांत तिचा शब्द चालायचा, हे मला कोणीतरी सांगितलं होतं, पण त्याचा माझ्याशी काही संबंध आहे असं मला वाटलं नव्हतं. मी बादली आणि चाळण घेऊन जाताना दिसले की ती पायरीवर जरा सरकायची, शेजारी हात थोपटायची आणि म्हणायची, "बस वायच गो." मी म्हणायची, घाईत आहे काकी, ओहोटी चुकेल. येताना पुन्हा तेच. येताना मी म्हणायची, घाईत आहे काकी, नमुने वाळतील. म्हातारीला बोलायला कोणी नसेल, असं मला वाटायचं. बरी होते मी, दोन शब्द गोड बोलून पुढे जायची.

त्या दिवशी पहिल्यांदाच हातात काही न घेता गेले. काकी पायरीवर नव्हती, चुलीपाशी होती. दुपार होती, तिने मला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. पानात उकड्या तांदळाचा भात, सोलकढी आणि खारवलेल्या कैरीची फोड. मी आपली लाडात येऊन म्हटलं, खुब्यांच्या वाडीत आले आणि खुबेच नाहीत का पानात?

"काठी लागली हा गो," काकी म्हणाली. "खुबे खंयसून येतले?"

कसली काठी, असं मी विचारलं. मग काकीने भात वाढता वाढता सगळं सांगितलं. पट्ट्यावर खुबे बारीक झाले, त्यांना वाढायला उसंत हवी असं एखाद्या जाणत्या बाईला वाटलं की ती आपल्या लुगड्याची चिंधी काठीला बांधते आणि पट्ट्यावर रोवते. एक काठी दिसली की अख्खा पट्टा बंद. मग अलीकडची असो की पलीकडची, कोणी त्या वाळूत बोट घालत नाही. काठी जिने लावली तिनेच ती दोन्ही वाड्यांसमोर उपटायची, तोवर ती उभी. यंदा पौष लागायच्या आधीच काठ्या लागल्या. एक नाही, चाळीस.

मी हातातला घास पानात ठेवला. कोणी लावल्या, असं मी विचारलं, कशाला विचारलं ते मलाच माहीत नाही.

"ता इचारूचा नसता," काकी म्हणाली. "लावणाऱ्यान आपसून येवन सांगूचा."

त्याच वेळी तिची सून शेवंती मागच्या दाराने आत आली. खाडीच्या तोंडाशी घोडखडक म्हणून खडक आहेत, तिथे कालवं मिळतात, पण जायला तासभर आणि यायला तासभर. पट्टा बंद झाल्यापासून बायका तिथे जात होत्या. कालवांच्या कडा सुरीसारख्या असतात. शेवंतीने पाय धुतला तेव्हा तळव्याला आडवी चीर दिसली, तिने त्यात हळद दाबली आणि उद्या पुन्हा जायचंय म्हणून चिंधी घट्ट बांधली. शिमगा वीस दिवसांवर आला होता. सासरी गेलेल्या मुली माहेरी येणार, त्यांच्या पानात खुब्यांचं कालवण नाही म्हणजे माहेर कसलं, असं ती आपली सहज बोलून गेली.

मी तिथे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. हात धुतले, बरं येते म्हटलं आणि निघाले. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी गप्प बसले. हिशेब सरळ होता. सांगितलं तर बायका दुसऱ्या दिवशी पट्ट्यावर उतरणार, चिडून काठ्या उपटणार आणि माझी पीएचडी गेली. नाही सांगितलं तर आणखी सहाच आठवडे. सहा आठवड्यांनी असं काय बिघडणार आहे, असं मी स्वतःला समजावत होते. पण डोळ्यांसमोरून शेवंतीचा पाय जाईना. तिसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या दारात उभी राहिले आणि सगळं ओकून टाकलं. पुरतं रडलेसुद्धा.

सर रागावले नाहीत. त्यांनी मला पाणी दिलं आणि खिडकीतून खाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले की आठ वर्षं आपण या भिंतीच्या आत बसून खाडी मोजतोय, आणि भिंतीपलीकडे खाडी राखायची पद्धत आहे हे आपल्याला ठाऊकच नाही. म्हणाले, चल.

कुठे, असं मी विचारलं. "काठी लावणाऱ्याने आपणहून सांगायचं असतं ना? मग सांगू या."

काकीला मी एवढंच म्हटलं की दोन्ही वाड्यांतल्या बायकांना काही सांगायचंय. काय सांगायचंय, ते तिने विचारलं नाही. फक्त माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पलीकडे निरोप धाडला. अमावास्येची मोठी ओहोटी होती. सकाळी पाणी ओसरलं तशा दोन्ही काठांवरून बायका पट्ट्यावर उतरल्या, पन्नास-साठ तरी असतील. नाबर सर पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून वाळूत उभे होते. विद्यापीठाचा माणूस एवढ्या आत आलेला त्या बायकांनी पहिल्यांदाच पाहिला असावा, कारण पोरीबाळी त्यांच्या पांढऱ्याफटक पोटऱ्या बघून पदराआड हसत होत्या.

सर बोलायला लागले तर काकीने हात वर केला आणि त्यांना थांबवलं. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "कोणाच्या हाताची काठी?"

"माझ्या," मी म्हटलं. "चाळीसही माझ्या हातच्या. मला रीत माहीत नव्हती. मी माझ्या अभ्यासासाठी लावल्या होत्या."

मग तारीवाडीची गुणाबाय पुढे आली. ही बाई म्हणजे नुसती तोफ. तिने कमरेवर हात ठेवून मला जे काही ऐकवलं त्यातलं निम्मं मला समजलं नाही, ते बरंच झालं. समजलं ते एवढंच की तीन महिने आम्ही कालवांवर पाय कापून घेतले ते काय हिला वहीत आकडे लिहायला? चाळीस काठ्या बघून तारीवाडीला वाटलं होतं कोयंडेवाडीची यंदा काहीतरी मोठी चिंता आहे. कोयंडेवाडीला वाटलं होतं की तारीवाडीची. दोघींनी एकमेकींचा मान राखला होता आणि मान राखला गेला होता माझ्या ओढणीचा. मी मान खाली घालून ऐकत राहिले. ऐकून घ्यायलाच हवं होतं.

मग सर बोलले. चूक या मुलीची नाही, माझी आहे, असं ते म्हणाले. आठ वर्षं आम्ही तुमच्या खाडीतून बाटल्या भरून नेल्या आणि त्यात काय सापडलं ते एकदाही येऊन सांगितलं नाही. हिने विचारलं नाही कारण विचारायचं असतं हे मी हिला शिकवलं नाही. आत्ता काठ्या काढतो, पट्टा तुमचा. एवढं बोलून त्यांनी सगळ्या बायकांना हात जोडले. गुणाबायनेही कमरेवरचे हात काढले.

मी पहिल्या काठीला हात घातला. माझ्या प्रबंधाचं काय होणार ते मला कळलेलं होतं आणि आता लपवण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे डोळे वाहत होते ते मी पुसलेही नाहीत.

"थांब," काकी म्हणाली. "किती दिस व्हये होते तुका?"

एप्रिलअखेरपर्यंत, असं मी सांगितलं. कशासाठी, तेही सांगितलं. पीएचडी म्हणजे काय हे सांगताना सरांनी मदत केली. मेपर्यंत झालं नाही तर घरी जावं लागेल, हेही मीच बोलून गेले. बायका बाजूला जाऊन आपसात बोलल्या. गुणाबायचा आवाज चढत होता, काकीचा ऐकूच येत नव्हता. बऱ्याच वेळाने दोघी परत आल्या.

"मगे ऱ्हवांदेत," काकी म्हणाली. "तुझे धा चौकोन तुका. बाकी पट्टो आजपासून उघडो."

मला आधी कळेचना. माझा प्रयोग, अगदी जसा हवा होता तसा, त्यांनी माझ्या हातात ठेवला होता. बंद चौकोन बंद, आणि उघडे आता खरोखरचे उघडे. गुणाबायने मात्र एक अट घातली. काठी आपली म्हणून सांगितली की लावणारीने दर मोठ्या ओहोटीला सांगायचं असतं की आत काय वाढलं. तेव्हा हिने आमच्यासमोर मोजायचं, मोठ्याने मोजायचं, आणि त्यातून काय निघतं ते इथे वाळूत उभं राहून आम्हाला सांगायचं. लपवायचं नाही. सर म्हणाले, कबूल, आणि फक्त हीच नाही, केंद्रातले सगळे सांगतील.

त्यानंतरचे सहा आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. शिमग्याला वाडीत खुब्यांचं कालवण शिजलं आणि शेवंतीने मला पहिलं पान वाढलं. दर पंधरवड्याला मी पट्ट्यावर मोजायला बसले की भोवती बायकांचं कोंडाळं. पहिल्याच दिवशी गुणाबाय ओरडली की ही काय मोजते आहे, यातले निम्मे खुबे नाहीतच. खरंच नव्हते. लहान असताना सारखी दिसणारी दोन वेगळ्या शिंपल्यांची पोरं होती आणि मी दीड वर्ष ती एकाच रकान्यात भरत होते. माझ्या विभागात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. गुणाबायने बोटाने कवच चाचपून मला दोन्हींतला फरक दाखवला, आणि पुढे प्रत्येक वेळी मी चुकते का ते बघायला तीच सगळ्यात पुढे बसायची.

आकड्यांतून निघालं ते माझ्या म्हणण्याच्या उलट. बायका मोठे तेवढे उचलतात, वाळू सैल करतात, बारीक परत टाकतात, आणि त्या जागी उरलेले खुबे माझ्या बंद चौकोनातल्यांपेक्षा जोमाने वाढतात. अति झालं की काठी लावतातच. आधीच्या तीन महिन्यांचे आकडेही वाया गेले नाहीत. अख्खा पट्टा बंद ठेवून बघायचा प्रयोग कुठल्याही विद्यापीठाला कुठल्याही निधीतून जमला नसता, असं सर म्हणाले. तो प्रयोग साठ बायकांनी पाय कापून घेऊन केला होता, आणि प्रबंधात मी तसंच लिहिलं. परीक्षकांना ते वाक्य आवडलं नाही. सरांनी खोडू दिलं नाही.

नाबर सर पुढे आणखी अकरा वर्षं त्या केंद्रात होते, आणि अकरा वर्षांत एकही मोठी ओहोटी अशी गेली नाही की केंद्रातलं कोणी ना कोणी वाळूत उभं राहून आपले आकडे सांगत नव्हतं. पाण्यात कारखान्याची घाण उतरते आहे, हे असंच एका ओहोटीला सांगितलं गेलं, आणि ती थांबवायला बायका आणि विद्यापीठ एकत्र तहसीलदाराकडे गेले. आज सरांच्या खुर्चीत मी बसते. कोणीही नवीन विद्यार्थी आला की पहिले दोन महिने त्याला वही देत नाही. पोरं वैतागतात.

पण मला सांगायचंय ते एप्रिलच्या शेवटच्या दिवसाचं. दोन्ही वाड्यांसमोर मी माझ्या हाताने चाळीस काठ्या उपटल्या. काठी लावणारीने खुब्यांची पहिली टोपली स्वतः ठेवायची नसते, समोरच्या वाडीला द्यायची असते, म्हणून ती गुणाबायच्या डोक्यावर चढवली. सगळ्या पांगल्यावर मी काठ्यांची मोळी घेऊन वर आले. येसूकाकी पायरीवर होती.

कितीतरी दिवस मनात होतं ते मी तेव्हा विचारलं. काठ्या माझ्या आहेत हे तुम्हाला कधी कळलं?

"तू रोवलंस त्याच दिसा," ती म्हणाली. "माका हयसून सगळा दिसता."

मी वळून बघितलं. पायरीवरून अख्खा पट्टा समोर दिसत होता, माझ्या पायांचे ठसेसुद्धा. डिसेंबरमधल्या त्या सकाळी मी एकटी, लाल ओढणी फाडत तिथे दोन तास उभी होते. हिने ते सगळं पाहिलं होतं. तरी सुनेला तीन महिने घोडखडकावर पाठवलं होतं, स्वतः सोलकढी-भात खाल्ला होता, आणि दोन्ही वाड्यांत अवाक्षर काढलं नव्हतं. मी म्हटलं, काकी, एका शब्दाने सांगायचं होतं, मी तेव्हाच काढल्या असत्या.

काकीने डोकं हलवलं. "एक काठी खोटी म्हणान आमीच उपटली, तर उद्या खरी कोण मानतला?" मग म्हणाली, "आनि तू सांगशीत म्हणान वाट बघी होतंय. रोज तुका बसाक जागा करून देत होतंय मां."

ती पायरीवर जरा सरकली आणि शेजारी हात थोपटला. जाता-येता मिळून पन्नास वेळा तरी मी त्या हाताला घाईत आहे म्हटलं असेल. मी मोळी खाली ठेवली, तिच्या शेजारी बसले आणि भरतीचं पाणी पट्टा झाकून वाटेपर्यंत येईस्तोवर उठले नाही.